बिलाच्या ओळी जिन्यासारख्या उतरू लागल्या तर
(लिनक्सवर पॅरलल पोर्टचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

कांद्याची आवक वाढली की आमच्याकडचे फोनही वाढतात. मार्केट यार्डातले अडते असोत की अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलवाले, तक्रार एकच. पट्टीची, म्हणजे छापलेल्या बिलाची, पहिली ओळ नीट, दुसरी पहिली जिथे संपली तिथून सुरू, तिसरी कागदाबाहेर. प्रिंटर बिघडलेला नसतो, हेडही गेलेलं नसतं.

ओळ संपली की लिनक्स नुसता 'एलएफ' पाठवतं, म्हणजे कागद एक ओळ सरकव. प्रिंटरला जोडीला 'सीआर'ही लागतो, म्हणजे हेड डावीकडे ने. तो आला नाही की हेड आहे तिथूनच पुढे छापत सुटतं. डॉसच्या जुन्या प्रोग्रॅममधून दोन्ही जात, म्हणून तेव्हा हे कधी दिसलं नाही.

आता हात जोडून विनंती. जिना दिसला की प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटो एलएफ' चालू करू नका. नाव ऐकून तोच उपाय वाटतो, पण तो सीआर आल्यावर एलएफ जोडतो. आपल्याला हवं नेमकं उलटं. जिना तसाच राहतो, आणि आम्ही येऊन मूळ दोष काढला की प्रत्येक ओळीनंतर एक ओळ रिकामी सुटते, छापील स्टेशनरीवरचे रकाने चुकतात. जिना दहा मिनिटांचं काम आहे. स्विच कोणी फिरवला हे शोधण्यात तास जातो, कारण विचारलं तर कोणीच हात लावलेला नसतो.

काही जण विचारतात, तुम्ही सरळ कप्समधला (लिनक्सची छपाई सांभाळणारा प्रोग्रॅम) 'एप्सन 9-पिन' ड्रायव्हर का लावत नाही? लावतो, पण वेगळ्या रांगेत (प्रिंट क्यूमध्ये). ड्रायव्हरमधून बिल चित्र म्हणून छापलं जातं. मराठी मजकुराला तेच हवं, पण तीन प्रतींच्या पट्टीला फार वेळ लागतो आणि दुकानात आवाजाने बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आम्ही दोन रांगा ठेवतो. 'पत्र' ड्रायव्हरची. 'बिल' रॉ, म्हणजे मजकूर चित्र न करता अक्षरं म्हणूनच पाठवणारी; तिच्यात मजकूर आधी यूनिक्स2डॉस या छोट्या प्रोग्रॅममधून जातो आणि सीआर तिथेच जोडला जातो. भाच्याने किंवा नव्या पोराने प्रिंटर पुन्हा 'ॲड' केला की नवी रांग नुसती रॉ होते, सीआर जोडला जात नाही, आणि जिना परत. तेव्हा जुन्या रांगा काढू नका. प्रोग्रॅममध्ये छपाई रांग टाळून थेट /डेव्ह/एलपी0 वर (लिनक्समधलं पॅरलल पोर्टचं नाव) वळवली तरी हेच होतं. (इथे मराठीत लिहिलंय, यंत्रावर इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायचं.)

नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट नसतो. यूएसबीची वायर लावलीत तर प्रिंटर एलपी0 वर सापडणार नाही, तो /डेव्ह/यूएसबी/एलपी0 वर दिसेल. शक्यतो पॅरलल पोर्टचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड घ्या, आमच्याकडे असतं. आणि पॅरलल केबल काढता-घालताना दोन्ही यंत्रं बंद हवीत, पोर्ट जळला तर तो एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बसत नाही.

एएमसीवाल्यांच्या रांगांची नोंद आमच्याकडे असते, ती फोनवरूनच परत लावून देतो. बाकीच्यांनी येताना बिघडलेली एक पट्टी सोबत आणावी, फाडून टाकू नये. रिबन आणि तीनपदरी कागदही इथेच मिळेल.