वजन आड येतंय की उडी शिकायचीच राहिली?

तिसरीतलं मूल लंगडी घालताना दुसऱ्या-तिसऱ्या उडीलाच पाय टेकतं. मूल जाड असेल तर मैदानावरचा निकाल ठरलेला: आधी वजन कमी करा. काटकुळं असेल तर ‘अजून लहान आहे’ म्हणून सोडून देतात. दोन्हीकडे चूक एकच. अंगाचा भार वेगळा आणि हालचालीचं कौशल्य वेगळं.

फरक उडीतच दिसतो. भार आड येत असेल तर पहिल्या दोन उड्या नीट पडतात. चवड्यावर उतरणं, गुडघा किंचित वाकवणं, हातांनी झोका घेणं, सगळं असतं. मग उंची घटते, दम लागतो, पाय टेकतो. कौशल्य कमी असेल तर पहिलीच उडी बिघडते: हात अंगाला चिकटलेले, गुडघा ताठ, पाऊल सपाट आपटलेलं.

खात्री करायची तर लंगडीशेजारी लगोरीची फेक ठेवा. फेकताना स्वतःचं अंग उचलावं लागत नाही, म्हणून वजनदार मुलं झेल-फेकीत फारशी मागे नसतात. रबरी चेंडू, ५ मीटर अंतर, ५ फेकी. उजखोऱ्या मुलाचा डावा पाय पुढे येतो का, कंबर वळते का, चेंडू सुटल्यावर हात डावीकडे खाली जातो का, एवढंच पाहा. फेक स्वच्छ आणि लंगडी कच्ची असेल तर प्रश्न बहुधा भाराचा किंवा ताकदीचा. उजवा पाय पुढे ठेवून नुसत्या कोपरातून फेकत असेल तर फेक शिकवलेलीच नाही, मग वजन काहीही असो.

खेलो इंडियाच्या चाचणीत पहिली ते तिसरीसाठी बीएमआयसोबत (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) फ्लेमिंगो तोल आणि प्लेट टॅपिंग (दोन चकत्यांना आळीपाळीने हात लावणं) आहे. पहिल्यात एका पायावर सगळं अंग तोलायचं, दुसऱ्यात फक्त हात हलवायचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले तर बरंच कळतं. बीएमआय मात्र मोठ्यांच्या तक्त्यावर पाहू नये. ८ वर्षं, १२५ सेंटिमीटर, ३६ किलो म्हणजे बीएमआय २३. मोठ्या माणसाला तो २५च्या आत, पण या वयात लठ्ठपणा. ५ ते १९ वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा तक्ता वापरावा.

भार असला तरी सराव थांबवू नका. मातीवर, भिंतीला हात टेकून, प्रत्येक पायावर ५ उड्या, मग अर्धा मिनिट विसावा. कौशल्यासाठी मैदानाला फेऱ्या मारून उपयोग नाही. त्याने दम वाढतो, फेक सुधारत नाही. खडूने पावलं आखून आधी पाय, मग कंबर, मग हात. आणि ‘बाद झालास, बाहेर बस’ हा नियम या वयात नको: ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच आधी बाहेर बसतो.

मूल लंगडी आणि फेक दोन्हींत अडखळतंय, शिवाय बटणं, बुटाची नाडी, अक्षर यांतही वर्गाच्या बरंच मागे आहे, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी वजन हे कारण धरून थांबू नका.