तुमचं काम वाढताना दाखवा: व्यवसायासाठी टाइमलॅप्स व्हिडिओ

नाशिक आणि आसपासच्या व्यावसायिकांकडून हल्ली आम्हाला वारंवार विचारणा होते, "आमच्या कामाचाही तो भराभर पळणारा व्हिडिओ करून द्याल का?" जरूर देऊ. पण त्याआधी आमचा एक प्रश्न असतो: तुमच्या कामात डोळ्यांदेखत वाढतं काय? याचं उत्तर स्पष्ट असेल, तर टाइमलॅप्ससारखी जाहिरात नाही. ते नसेल, तर साधा व्हिडिओ किंवा चार चांगले फोटो तुमच्या जास्त उपयोगी पडतील, आणि तसं आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो.

कॅमेरा एका जागी घट्ट बसवायचा, ठरावीक अंतराने एकेक फोटो काढत राहायचं आणि नंतर ते फोटो सेकंदाला २५ या गतीने सलग दाखवायचे, एवढीच ही पद्धत. जुनी आहे, आणि तिचं आपल्या जिल्ह्याशी नातंही आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण सिनेमासाठी भांडवल हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटी फिल्म त्यांनी निवडक मंडळींना दाखवली, तेव्हा कर्ज द्यायला माणसं पुढे आली. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. टाइमलॅप्स वापरून व्यवसायासाठी विश्वास मिळवण्याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. गिऱ्हाईकाला तुमचं कसब सांगून पटत नसेल, तर ते घडताना दाखवावं.

कशाचा व्हिडिओ चांगला होतो?

फॅब्रिकेशनची शेड उभी राहणं, दुकानाचं फर्निचर बसणं, लग्नाचा मांडव सजणं, केकवरचं आयसिंग, गणपतीच्या मूर्तीचं रंगकाम, मोठी रांगोळी. या सगळ्यांत सुरुवातीची रिकामी जागा आणि शेवटचं भरलेलं रूप यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

काही कामं मात्र फसवी असतात. येवल्याची पैठणी घ्या. हातमागावर साडी तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात, म्हणजे टाइमलॅप्ससाठी अगदी योग्य काम, असं वाटतं. पण विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळलं जातं, त्यामुळे कॅमेऱ्याला कायम तेवढाच वीतभर पट्टा दिसत राहतो. अख्खी साडी वाढताना दिसतच नाही. अशा वेळी आम्ही पदरावरचा एकच मोर निवडतो. कॅमेरा वरून, अगदी जवळ. रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या ताण्यातून एकेक करून फिरतात, आधी पाय, मग पोट, मग मान भरत जाते. मोर पूर्ण झाला की थांबायचं. त्या वीस सेकंदांत हातमागाची किंमत यंत्रमागापेक्षा जास्त का, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. विणकरांकडून माल घेणाऱ्या प्रत्येक दुकानाने असा एक तरी व्हिडिओ काउंटरजवळ लावावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

फोटो किती, किती वेळाने?

हा हिशेब समजून घ्या, म्हणजे खर्चाचा अंदाजही येईल. २० सेकंदांच्या व्हिडिओला ५०० फोटो लागतात. काम दिवसभराचं, म्हणजे आठ तासांचं असेल तर मिनिटाला एक फोटो पुरतो. दोन तासांच्या रांगोळीला दर १० सेकंदांनी एक घेतला तर ७२० फोटो होतात, म्हणजे जवळजवळ २९ सेकंद. महिनोन्‌महिने चालणाऱ्या बांधकामावर आम्ही १५ मिनिटांचं अंतर ठेवतो आणि गरजेपेक्षा जास्त फोटो घेऊन ठेवतो. नको असलेले नंतर गाळता येतात, राहून गेलेला स्लॅब मात्र परत भरता येत नाही.

दोन-तीन तासांचं काम असेल तर तुमच्या फोनमधला टाइमलॅप्सही चालेल. चांगला स्टँड घ्या, फोन चार्जिंगला लावा, फोकस आणि प्रकाश लॉक करा, आणि काम संपेपर्यंत फोनला हात लावू नका. त्यासाठी आम्हाला पैसे देण्याची गरज नाही.

प्रकाश

बहुतेक व्हिडिओ इथेच बिघडतात. कॅमेरा ऑटोवर असला की ढग आला, कोणी पांढरा शर्ट घालून समोरून गेलं, की चित्र उजळतं-काळवंडतं आणि व्हिडिओ लुकलुकतो. म्हणून आम्ही सगळं मॅन्युअल ठेवतो. ट्यूबलाइटखालच्या कामात शटर, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने या वेगांवर आडवे पट्टे उमटत नाहीत. उघड्यावरच्या साइटवर कॅमेरा शक्यतो दक्षिणेच्या बाजूला बसवून उत्तरेकडे रोखतो, कारण आपल्याकडे वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि तो थेट लेन्समध्ये आला की दिवस वाया जातो.

तुमचं एक काम आम्ही एकदाच टिपतो, पण त्यातून दोन व्हिडिओ निघतात. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फोटोतून स्टेटस आणि रील्ससाठी उभी चौकट कापली तरी चित्र स्वच्छ राहतं, आणि प्रदर्शनातल्या टीव्हीसाठी आडवी चौकट वेगळी काढता येते. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून दुकानाचं नाव आणि कामाला लागलेला खरा वेळ आम्ही चित्रावरच लिहितो. हा वेळ फुगवून सांगा, असा आग्रह कृपया धरू नका.

आम्ही येण्याआधी

कारागिरांना आधी सांगून ठेवा. ज्यांना चेहरा दाखवायचा नसेल, त्यांचे फक्त हात दिसतील अशी चौकट आम्ही लावतो. शेजाऱ्यांच्या खिडक्या चौकटीत येत असतील तर जागा बदलतो. कॅमेऱ्यासाठी न हलणारी भिंत किंवा खांब हवा. मचाणावर बसवलेला कॅमेरा प्रत्येक पावलाला थरथरतो. जवळ प्लगपॉइंट हवा. धुळीच्या साइटवर लेन्स पुसायला आमचा माणूस येईल, त्याला आत सोडायची सूचना वॉचमनकडे असू द्या.

खर्च दोन भागांत सांगतो: कॅमेरा किती दिवस अडकून राहणार तो, आणि एडिटिंगचा वेगळा. अंदाजासाठी जागेचे दोन फोटो पाठवा, एक सकाळचा आणि एक दुपारी चारच्या सुमाराचा, म्हणजे सावल्या कुठे पडतात ते आम्हाला दिसेल.