कचरा उद्योगाचाच, नियम दोन तऱ्हांचे

कोराडी आणि खापरखेडा. नागपूरच्या उत्तरेला शेजारी-शेजारी उभी असलेली ही दोन औष्णिक वीजकेंद्रं. आपल्याकडच्या कोळशात राखच 30 ते 45 टक्के, त्यामुळे वीज बनते तसे राखेचे डोंगरही वाढतात. ही राख सिमेंटला चालते, विटांना चालते, रस्त्याच्या भरावालाही चालते. मग ती राख साठवायच्या बंधाऱ्यात का साचली?

राखेच्या वापराबद्दल केंद्र सरकारची पहिली अधिसूचना 14 सप्टेंबर 1999ची. तिचा रोख वीजकेंद्रापेक्षा वीटभट्टीवर जास्त होता, कारण शेतातली सुपीक माती वाचवायची होती. वीजकेंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या भट्टीवाल्याने मातीत किमान 25 टक्के राख मिसळायची आणि वीजकेंद्राने ती दहा वर्षं फुकट द्यायची. फुकट असली तरी ती उचलून न्यायला ट्रक लागतो, ही साधी गोष्ट कागदावर उशिरा उतरली. 2003मध्ये अंतर 100 किलोमीटर झालं, 2016मध्ये 300, आणि तेव्हा कुठे 100 किलोमीटरपर्यंतचं वाहतूकभाडं वीजकेंद्राच्या माथी आलं.

कारखान्यांतल्या घातक कचऱ्याची गोष्ट याच्या नेमकी उलटी. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1986चा पर्यावरण कायदा आला, त्याखाली 1989चे नियम. त्यांचा सगळा भर सांभाळण्यावर आणि विल्हेवाटीवर. एका कारखान्याचं वापरलेलं आम्ल दुसऱ्याचा कच्चा माल होऊ शकतं, याला 2008च्या नियमांत जागा मिळाली, पण प्रत्येक वापरासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी हवी होती. 2016मध्ये केंद्रीय मंडळाने कार्यपद्धती आखून द्यायची आणि परवानगी राज्य मंडळाने द्यायची, अशी वाटणी झाली. म्हणजे राख वापरा म्हणून सक्ती आणि आम्ल वापरायचं तर परवाना. घातकतेचा फरक मान्यच, पण दोन्हीकडे देणाराघेणारा उद्योगच असतो, हे नियम लिहिताना फारसं दिसलेलं नाही.

31 डिसेंबर 2021च्या अधिसूचनेने राखेचा भार अखेर वीजकेंद्रावर टाकला: शंभर टक्के वापर करा, नाहीतर न वापरलेल्या राखेला टनामागे 1000 रुपये भरा. बंधाऱ्यांत साचलेल्या जुन्या राखेचाही हिशेब त्यात आला.

त्यानंतर सात महिनेही झाले नव्हते. जुलै 2022च्या पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या शेतांत शिरला.