भाड्याचे घर, पिंजरा आणि अकरा महिन्यांचा कागद

भाड्याच्या फ्लॅटमध्ये इग्वाना हा मोठा सरडा, आफ्रिकन ग्रे पोपट किंवा बॉल पायथन हा परदेशी अजगर ठेवणारा भाडेकरू छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर या शहरांत आता अगदीच अपवाद राहिलेला नाही. असा प्राणी घरात आहे हे समजले की घरमालक, सोसायटी आणि शेजारी अशा तिन्ही बाजूंनी एकच प्रश्न येतो: याला परवानगी कोणी दिली? हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कारण त्याच्या मागे दोन वेगवेगळ्या कायद्यांचे इतिहास आहेत. भाड्याच्या घरांचा कायदा प्राण्यांविषयी जवळजवळ काहीच बोलत नाही, आणि वन्यजीवांच्या कायद्याला घर स्वतःचे आहे की भाड्याचे याच्याशी काही देणेघेणे नाही. भाडेकरूचा हक्क आणि त्याची खासगी बाब या दोन कायद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सापडते, आणि ती जागा बहुतेक वेळा अकरा महिन्यांच्या करारातील एखाद्या ओळीने भरली जाते.

मराठवाड्यात या इतिहासाची सुरुवात उर्वरित महाराष्ट्रापेक्षा निराळी आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा लागू होता, तर इकडच्या शहरांत हैदराबाद घरभाडे, निष्कासन व पट्टा नियंत्रण कायदा, १९५४ चालत असे. राज्य बदलले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी हा हैदराबादी कायदा पुढे सुमारे चार दशके टिकला. त्यामुळे औरंगाबादेतील किंवा परभणीतील जुन्या भाडेकरूंची प्रकरणे आणि दादरच्या चाळीतील प्रकरणे वेगवेगळ्या कायद्यांखाली चालत. मुंबईच्या भाडेकरू-चळवळीचे दाखले मराठवाड्याला जसेच्या तसे लावण्याची सवय आपल्या लिखाणात आहे. ती या कारणाने दिशाभूल करते.

त्या काळातले भाड्याचे घर म्हणजे बहुधा वाड्यातल्या दोन खोल्या. मधला चौक सर्वांचा, आड सर्वांचा, आणि दिंडी दरवाजा रात्री एकदाच लागायचा. भाडेकरूची शेळी, मालकाची गाय आणि कोणाच्या तरी कोंबड्या एकाच आवारात असत. ओसरीच्या कडीला तारेचा पिंजरा, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि एक हिरवी मिरची, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या राघूला ‘विठू विठू’ म्हणायला लावणार, हे चित्र तेव्हा कोणालाही खटकत नसे. खासगीपणाचा प्रश्न तेव्हा निर्माणच होत नव्हता, कारण भाडेकरूच्या खोलीत काय शिजते आणि काय पाळले जाते हे चौकातल्या सर्वांना दिसत होते. याला सलोखा म्हणावे की निगराणी, हे त्या चौकात राहिलेल्यांपैकी कोणाला विचारावे त्यावर अवलंबून आहे; सुनांना विचारले तर उत्तर बहुधा वेगळे मिळेल.

सत्तरच्या दशकात सिडकोने औरंगाबादेत नवी वसाहत उभारायला घेतली, पुढे चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींनी बाहेरगावचे कामगार आणि अभियंते आणले, आणि लातूरमध्ये शिकवणी वर्गांमुळे विद्यार्थ्यांच्या खोल्यांचा स्वतंत्र बाजार तयार झाला. खाली मालक आणि वर भाडेकरू अशी रो-हाउसची पद्धत याच काळात रुळली. जिना एकच, पाण्याची टाकी एकच, विजेचे सबमीटर मालकाच्या व्हरांड्यात आणि भाडेकरूच्या खोलीची दुसरी किल्ली मालकाच्या कपाटात. दारे बंद झाली, पण मालकाची ‘सहज डोकावून जाण्याची’ वहिवाट वाड्यातून जशीच्या तशी वरच्या मजल्यावर आली.

याच टप्प्यावर भाडेपट्ट्याची जागा ‘लिव्ह अँड लायसन्स’ने, म्हणजे राहण्याच्या परवान्याने घेतली. भाडेपट्टा हा मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधील प्रकार आहे आणि त्यात जागेचा ताबा भाडेकरूकडे जातो. परवाना मात्र त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मधून येतो. त्यात राहण्याची केवळ मुभा मिळते, जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. कागदावर परवाना लिहिला म्हणून तो परवाना ठरत नाही, पक्षकारांचा खरा हेतू आणि जागेचा एकट्याचा ताबा पाहावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितले होते. अकरा महिन्यांची मुदत नोंदणी कायदा, १९०८ मुळे रूढ झाली, कारण एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती आणि ती टाळण्याचा हा सोपा मार्ग होता. महाराष्ट्रात तो मार्ग आता कायद्याने बंद आहे, तरी अकरा हा आकडा मात्र सुटलेला नाही.

तो बंद केला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने. ३१ मार्च २००० पासून हा कायदा अमलात आला आणि त्याने मुंबईचा, विदर्भाचा व हैदराबादचा असे तिन्ही जुने कायदे एकाच वेळी रद्द केले. पाळीव प्राणी हा शब्द त्यात नियम म्हणून कोठेही येत नाही, तरी या विषयाला थेट भिडणारी चार कलमे त्यात आहेत. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे असा नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मराठवाड्यातील अनेक शहरांत अजूनही मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे भाडेकरार समजला जातो. अशा कागदात ‘सदर जागेत प्राणी वा पक्षी पाळणार नाही’ ही ओळ असली, तरी मालकाला ती वाटते तितकी भक्कम नसते.

कलम १६ मध्ये भाडेकरूकडून घर परत मिळवण्याची कारणे दिली आहेत आणि त्यांत शेजाऱ्यांना उपद्रव किंवा त्रास होईल असे वर्तन हे एक कारण आहे. प्राणी विचित्र आहे, किळसवाणा वाटतो किंवा अशुभ मानला जातो, एवढ्याने उपद्रव सिद्ध होत नाही. दुर्गंधी, आवाज, पळून जाण्याचा धोका असे काही दाखवावे लागते. पहाटे साडेपाचला किंचाळणारा सन कॉन्युर जातीचा पोपट या कसोटीत काचेच्या पेटीत निपचित पडलेल्या अजगरापेक्षा अधिक सहज अडकेल. परंतु ही कसोटी भाडेपट्टेदाराच्या उपयोगाची आहे. परवान्यावर राहणाऱ्याची मुदत संपली की मालकाला कोणतेही कारण सांगावे लागत नाही. कलम २४ नुसार तो सक्षम प्राधिकरणाकडे जाऊन घर परत मागू शकतो आणि मुदतीनंतर राहिल्यास दुपटीने भरपाई द्यावी लागते. म्हणजे व्यवहारात इग्वाना ठेवल्याबद्दल कोणालाही घराबाहेर काढले जात नाही, फक्त करार पुढे वाढवला जात नाही. या विषयावरचे न्यायनिवाडे कमी का दिसतात, याचे माझ्या मते हेच मुख्य कारण आहे.

खासगीपणाच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित कलम २८ आहे. घरमालकाला जागेची पाहणी करता येते, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. आणि हे कलम भाडेकरूबरोबर परवानाधारकालाही लागू आहे. ‘माझेच घर आहे, मी केव्हाही येईन’ या समजुतीला त्यामुळे कायद्याचा आधार नाही. भाडेकरू ड्युटीवर असताना दुसऱ्या किल्लीने दार उघडून पिंजऱ्याचे फोटो काढणे आणि ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे ही पाहणी नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टास्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले, तेव्हापासून त्या निकालाचा दाखला अशा भांडणांत सर्रास दिला जातो. तो निकाल मुख्यतः शासनसंस्थेविरुद्धच्या हक्काचा आहे. मालकाशी बोलताना त्यापेक्षा कलम २८ अधिक कामाचे आहे, फक्त ते तितके भारदस्त वाटत नाही.

आता दुसरा इतिहास. वाड्याच्या ओसरीवरचा तो राघू १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्ष्यांत गेला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर देशी पक्ष्यांचा व्यापारही बंद झाला, आणि २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची, म्हणजे संरक्षित प्रजातींच्या याद्यांची, फेरमांडणी झाल्यावर तो दुसऱ्या अनुसूचीत आला. या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पकडणे आणि सापळा लावणेही मोडते, आणि असा प्राणी शासनाची मालमत्ता मानला जातो. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि आता एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्टार कासवाची गोष्ट याहून कडक आहे: ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०१९ पासून साईटिस या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टातही. घरात लक्ष्मी टिकते म्हणून काचेच्या भांड्यात ते ठेवणारे घर मात्र स्वतःला प्राणी पाळणारे घर समजतही नाही. दुतोंड्या समजल्या जाणाऱ्या मांडुळाच्या तस्करीत भाड्याच्या खोल्या वापरल्या जातात, ही घरमालकांची भीतीही अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

परदेशी प्राण्यांचे उलटे झाले. भारत १९७६ मध्ये साईटिसचा सदस्य झाला, पण देशी कायद्यात परदेशी प्रजातींचा ताबा कित्येक वर्षे जवळजवळ अनियंत्रित राहिला. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने स्वेच्छा नोंदणीची सूचना काढली आणि सहा महिन्यांत नोंद करणाऱ्यांकडे कागदपत्रे मागितली जाणार नाहीत असे सांगितले. २०२२ च्याच, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ४९-म हे कलम आणून ही नोंदणी सक्तीची केली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्यासाठी परिवेश हे सरकारी ऑनलाइन पोर्टल व सहा महिन्यांची मुदत ठरवली. ग्रे पोपट, बॉल पायथन, इग्वाना यांना ही नोंद लागते. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरणही कळवावे लागते. बजरी आणि कॉकाटील या पक्ष्यांना साईटिसमधून वगळलेले असल्याने त्यांना ती लागत नाही. परिणामी, ज्या घरमालकाला वरच्या मजल्यावरच्या परदेशी अजगराचा धसका बसतो त्या अजगराची शासनदरबारी रीतसर नोंद असू शकते, आणि त्याच्या स्वतःच्या गॅलरीतला राघू बेकायदा असतो.

या कायद्यापुढे खासगीपणाचा बचाव मर्यादित आहे. कलम ५० नुसार वन अधिकारी किंवा उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी, गुन्हा घडल्याचे मानण्यास वाजवी कारण असेल तर, घरात प्रवेश करून झडती घेऊ शकतो. हा अधिकार त्यांचा आहे. मालकाचा नाही, सोसायटीच्या सचिवाचा तर मुळीच नाही. त्यांना संशय असेल तर वन विभागाला कळवावे, दार उघडू नये.

सोसायटीच्या बंदीबाबत २०१५ मध्ये भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने मार्गदर्शक सूचना काढल्या: पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालणारा ठराव करता येणार नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशा बंद्या बेकायदा ठरवल्या. भाडेकरू हे दोन्ही आधार मालकापुढे ठेवतात तेव्हा मात्र गफलत होते. हे आधार रहिवासी आणि सोसायटी यांच्यातल्या वादाचे आहेत. मालकाने करारात स्वतः घातलेली अट त्यांच्यामुळे आपोआप गळून पडत नाही. शिवाय तो सगळा विचार प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांचा आहे, सरड्यांचा नाही.

मराठवाड्यातील मालकांचे आक्षेप बहुतेकदा भीतीपेक्षा पाण्याचे आणि विजेचे असतात, हेही नोंदवले पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या शहराने ते पाहिले तिथे वरच्या मजल्यावरची दोनशे लिटरची माशांची टाकी दर पंधरा दिवसांनी रिकामी होताना पाहून खालच्या मालकाने कपाळाला आठ्या घातल्या, तर त्याला प्राणीद्वेष्टा म्हणणे अन्यायाचे होईल. सरपटणाऱ्या प्राण्याला थंडीत तापदिवा आणि एप्रिल-मेच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात कूलर लागतो. सबमीटरचा आकडा फुगला की वाद सुरू होतो. असे वाद दर ठरवून मिटतात, पण त्यासाठी प्राणी आधी उघड करावा लागतो आणि उघड केला की घर मिळत नाही, म्हणून बहुतेक भाडेकरू तो लपवतात.

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. त्यात मालकाच्या प्रवेशासाठी किमान २४ तास आधी सूचना देण्याची तरतूद आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि त्याच्या कलम २८ मधल्या ‘आगाऊ सूचने’ला तासांची मोजपट्टी नाही. म्हणून ती करारातच लिहून घ्यावी लागते: पाहणीपूर्वी किती तास कळवायचे, भाडेकरूच्या गैरहजेरीत दुसरी किल्ली कोणत्या प्रसंगी वापरायची, आणि घरात कोणता प्राणी, कोणत्या नोंदणीखाली, कोणत्या खोलीत राहणार. नोंदणीकृत करारात या ओळी घालायला कायद्याची कोठेही मनाई नाही.