व्हिडिओ समजला, पण धडा आला का?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, वुडलंड पार्क येथील शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांनी २००७ मध्ये तास बुडणाऱ्या मुलांसाठी आपले पाठ चित्रित करण्यास सुरुवात केली. त्यातूनच ‘फ्लिप्ड क्लासरूम’ ही पद्धत नावारूपाला आली. विवेचन घरी व्हिडिओवर ऐकायचे आणि वर्गातला वेळ उदाहरणे व शंका यांसाठी राखायचा, अशी ही रचना आहे. मात्र तिचा सारा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे, ते म्हणजे व्हिडिओ पाहिलेला विद्यार्थी तो भाग शिकून वर्गात येतो.

हे गृहीतक किती कच्चे आहे, हे शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील प्रयोगातून दिसते. तिरंगी मांजरे जवळजवळ नेहमी मादीच का असतात, याचे मिनिटभराचे स्पष्टीकरण एकाच व्यक्तीने दोन प्रकारे दिले: एकदा प्रेक्षकांकडे पाहत ओघवत्या शैलीत आणि एकदा कागदात डोके खुपसून, अडखळत. मजकूर तोच होता. ओघवते निवेदन ऐकणाऱ्यांना आपल्या लक्षात बरेच राहील असे वाटले. प्रत्यक्ष चाचणीत मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच ठरले. सफाईदार व्हिडिओ विद्यार्थ्याला आत्मविश्वास देतो, पण तेवढ्याने ज्ञान वाढतेच असे नाही, आणि माझ्या मते घरी एकट्याने पाहणाऱ्या मुलासाठी हा धोका अधिक मोठा आहे, कारण त्याचा चेहरा वाचून थांबणारे समोर कोणी नसते.

यावरचा उपाय त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात सापडतो. कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे व्याख्यान चार भागांत दाखवले आणि एका गटाची प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी घेतली. मध्येच विचारले असता, चाचणी न झालेल्या विद्यार्थ्यांचे मन सुमारे ४१ टक्के वेळा भरकटलेले आढळले, तर चाचणी झालेल्यांचे १९ टक्के वेळा. त्यांनी नोंदीही अधिक काढल्या आणि अखेरच्या परीक्षेत ते सरस ठरले. स्मृतीतून उत्तर खेचून आणण्याच्या श्रमाने आठवण पक्की होते, शिवाय पुढे प्रश्न येणार हे ठाऊक असल्याने लक्षही टिकते.

आयआयटी मुंबईच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागाने विकसित केलेल्या व्हिडिओ-रचनेतही असे थांबे मुद्दाम ठेवलेले असतात. तेथे शिक्षक प्रश्न विचारून, व्हिडिओ थांबवून उत्तर लिहायला सांगतो आणि मगच पुढे जातो. विद्यार्थ्यांनी लिहिलेली ही उत्तरे, विशेषतः चुकलेली, तासाआधी शिक्षकाच्या हाती आली, तर वर्गाची सुरुवात नेमकी कुठून करायची हे त्याला कळते.