प्रायश्चित्तकाळ, कॅथलिक (इंदूर)

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासाचा व विशेष उपासनेचा काळ. इंदूर हे 1935 मध्ये अपोस्तलिक प्रीफेक्चर (धर्मप्रांत होण्याआधीचे मिशन-क्षेत्र) व 1952 मध्ये धर्मप्रांत झाले. येथील धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) लॅटिन विधी, म्हणजे रोमची उपासनापद्धती, चालतो. प्रायश्चित्तकाळाला मराठीत ‘उपवासकाळ’ असेही म्हणतात. हिंदी उपासनेत याच काळाला ‘चालीसा’ व पहिल्या दिवसाला ‘राख बुध’ ही नावे आहेत.

चाळीस दिवसांचा उगम वादग्रस्त आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप इरिनेअसच्या पत्रात (ते चर्चचा इतिहासकार युसेबिअसने उद्‌धृत केले आहे) ईस्टरपूर्व उपवास कोणी एक दिवस, कोणी दोन, तर कोणी चाळीस तास करीत, असा उल्लेख येतो. 325 च्या निकिया येथील बिशपांच्या परिषदेच्या पाचव्या नियमात ‘चाळिशी’ हा शब्द प्रथमच ठळकपणे दिसतो. तेथे तो उपवासालाच उद्देशून आहे का, यावरही शंका घेतली गेली आहे. जुने मत असे, की ईस्टरपूर्व लहान उपवासच वाढत जाऊन चाळीस दिवसांचा झाला. दुसऱ्या मतानुसार येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर इजिप्तमध्ये स्वतंत्र चाळीस दिवसांचा उपवास होता व तो पुढे ईस्टरला जोडला गेला. दुसऱ्या मताचा पुरावा बराचसा उत्तरकालीन आहे. तरी निकियानंतर ही प्रथा इतक्या लवकर सर्वत्र कशी पसरली, याचा उलगडा केवळ पहिल्या मताने होत नाही. दिवसांची मोजणीही सरळ नाही. रविवारी उपवास नसल्याने सहा आठवड्यांचे 36 दिवसच भरत. पोप ग्रेगरी पहिला यांनी त्यांना वर्षाचा दशांश म्हटले. उरलेले चार दिवस बहुधा सातव्या शतकाच्या सुमारास पुढे जोडले गेले व आरंभ बुधवारी आला. मिलानच्या विधीत तो आजही रविवारीच होतो.

नियमांत दोन बंधने वेगळी आहेत. उपवास म्हणजे दिवसातून एकदाच पोटभर जेवण, शिवाय दोनदा थोडे खाणे. तो राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोनच दिवशी, 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत बंधनकारक आहे. मांसवर्जन 14 वर्षांपासून पुढे, शुक्रवारी व राखेच्या बुधवारी. मासे, अंडी, दूध चालते. धान्य वर्ज्य नाही. त्यामुळे शेजारून प्रेमाने आलेली साबुदाण्याची खिचडी या उपवासाला चालते, पण पोळीभाजीही तितकीच चालते, हे एकादशी करणाऱ्याला चमत्कारिक वाटते. कम्युनियनपूर्वीचा (उपासनेत पवित्र भाकर घेण्याआधीचा) उपवास हा आणखी निराळा : 1953 पूर्वी तो मध्यरात्रीपासून असे व त्यात पाणीही वर्ज्य होते, 1964 पासून एक तासाचा आहे. पहाटेच्या मिस्सेची (मुख्य उपासनेची) जुनी सवय या मध्यरात्रीच्या नियमातूनच पडली असावी. संध्याकाळची मिस्सा रूढ झाली ती 1950 नंतरच्या या सवलतींमुळे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते.

राखेच्या बुधवारी आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारचे आशीर्वादित झाप जाळून केलेली राख कपाळावर क्रुसाच्या आकारात लावतात. शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानांची प्रार्थना म्हणतात. पवित्र गुरुवारच्या ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीतानंतर घंटा थांबते. शुभ शुक्रवारी मिस्सा होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास विधी असतो. ईस्टरचे जागरण शनिवारी सकाळी होत असे, ते 1951–55 च्या सुधारणांनी पुन्हा रात्री गेले.

केरळमधून आलेल्या सिरो-मलबार (सिरियाक परंपरेच्या कॅथलिक विधीच्या) कुटुंबांचा उपवास पन्नास दिवसांचा असून सोमवारी सुरू होतो; शेजारचा उज्जैन धर्मप्रांत त्याच विधीचा आहे. धन्य सिस्टर राणी मारिया (इंदूर येथे 4 नोव्हेंबर 2017 रोजी ‘धन्य’, म्हणजे संतपदाआधीच्या पायरीवर, घोषित) यांचा स्मृतिदिन 25 फेब्रुवारी पुष्कळदा याच काळात येतो. रंगपंचमीची गेरही (इंदूरची रंगांची मिरवणूक) बहुधा याच काळात पडते. 2024 मध्ये ती 30 मार्चला, पवित्र शनिवारी होती. रंग खेळण्याला धर्मनियमाची आडकाठी नाही.