पॅरिश नोंदवह्या : जतन आणि वंशशोध

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या धर्मगुरूकडे सोपवलेला परिसर. मराठी ख्रिस्ती समाजात त्याला धर्मग्राम म्हणतात. तिथल्या माणसांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने ज्यात तारीखवार टिपली जातात ती पॅरिश नोंदवही. युरोपात सरकारी नोंदणी उशिरा आली: फ्रान्समध्ये १७९२ साली, इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून. त्याआधी ज्याच्या नावावर जमीन नव्हती, ज्याने मृत्युपत्र केले नव्हते, अशा माणसाचा माग काढायचा तर बहुधा या वह्यांतल्या दोन-तीन ओळींवरच भिस्त ठेवावी लागते.

इंग्लंडमध्ये १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने नोंदी सक्तीच्या झाल्या. दर रविवारी प्रार्थनेनंतर आठवड्याच्या नोंदी लिहायच्या आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, असा दंडक होता. एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. फ्रान्सचा हुकूम १५३९ चा. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये कॅथलिक धर्मग्रामांना बाप्तिस्मा व विवाहाच्या वह्या बंधनकारक केल्या. जवळच्या नात्यात लग्न होऊ नये ही त्यामागची एक चिंता होती. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता किंवा धर्ममाता झालेल्याशीही नाते जडते असे मानत, म्हणून त्यांची नावे लिहिली गेली. ही माणसे पुष्कळदा आईच्या किंवा बापाच्या घरचीच असत, त्यामुळे वंशशोधकाला तिथे हरवलेला मामा किंवा आत्या सापडू शकते.

या वह्या आजवर टिकल्या त्यात पेटीच्या कुलपापेक्षा नकलेचा वाटा मोठा आहे. सुरुवातीच्या कागदी वह्या जीर्ण होऊ लागल्या, तेव्हा इंग्लंडमध्ये १५९८ साली त्या चर्मपत्रावर उतरवण्याचा आदेश निघाला. सगळ्या नोंदी उतरवा, पण विशेषतः राणी पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीपासूनच्या (म्हणजे १५५८ पासूनच्या), असे त्यात म्हटले होते. अनेकांनी ही सवलत समजून आधीची वीस वर्षे गाळली. कितीतरी गावांची वही म्हणूनच १५५८ पासून सुरू होते आणि शोध तिथेच अडतो. याच सुमारास दरवर्षीची एक प्रत बिशपकडे पाठवण्याची पद्धत पक्की झाली. मूळ पान फाटलेले असेल तर ही प्रत उपयोगी पडते. दोन्ही उपलब्ध असतील तर दोन्ही पाहाव्यात, कारण नकल करणाऱ्याने कधी ओळ गाळलेली असते, तर कधी मुळात नसलेला तपशील घातलेला असतो.

फ्रान्समध्ये १६६७ पासून वही दुहेरी ठेवली जाई, तरी पॅरिसचे दप्तर वाचले नाही. मे १८७१ मध्ये ‘कम्यून’ या पॅरिसमधल्या बंडखोर राजवटीच्या अखेरच्या दिवसांत नगरपालिकेकडचा संच जळाला आणि न्यायालयाच्या इमारतीतला दुसराही जळाला. दोन प्रती होत्या, पण एकाच शहरात. पुढे घरोघरचे दाखले आणि इतर कागद गोळा करून जेमतेम एक तृतीयांश नोंदी पुन्हा उभ्या करता आल्या. डब्लिनची कथा अधिक चटका लावणारी आहे. आयर्लंडमधल्या अँग्लिकन चर्चच्या जुन्या वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणूनच कायद्याने सरकारी अभिलेखागारात आणल्या होत्या. ३० जून १९२२ रोजी गृहयुद्धातल्या स्फोटात आणि आगीत त्या नष्ट झाल्या. ज्या धर्मगुरूंनी वही पाठवण्याआधी हाताने नकल करून ठेवली, त्यांच्या गावांचा इतिहास वाचला. कॅथलिक वह्यांना तो कायदा लागू नव्हता. त्या गावोगावी राहिल्या, पुढे त्यांची सूक्ष्मचित्रफीत (मायक्रोफिल्म) झाली आणि २०१५ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती चित्रे इंटरनेटवर मोफत खुली केली. अमेरिकेतल्या यूटा वंशशास्त्र संस्थेने १९३८ पासून जगभर अशा फिती काढण्याचे काम केले. तिच्या मूळ फिती डोंगरात खोदलेल्या भुयारी तिजोरीत आहेत आणि प्रती ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर दिसतात.

आग क्वचित लागते. दमट हवा, कसर आणि शाई मात्र रोज काम करत असतात. जुनी शाई मायफळ आणि हिराकस यांची. तिच्यातले आम्ल कागद खाते. अशा वहीचे पान उजेडासमोर धरले तर काही अक्षरे जाळीसारखी आरपार दिसतात आणि जाडसर ओढलेल्या रेषेवर पान चिरलेले असते. पुसट झालेली हीच शाई अतिनील प्रकाशात पुष्कळदा वाचता येते. चिकटपट्टी लावणे आणि पान प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करणे, हे दोन्ही उपाय वहीला घातक ठरले आहेत. वही आम्लविरहित पेटीत, थंड जागी ठेवावी. आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की बुरशी धरते. हाताळताना सुती हातमोजे नकोत, कारण त्यांनी बोटांना पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटते. स्वच्छ, कोरडे हात, खाली उशीचा आधार आणि सोबत फक्त पेन्सिल, एवढे पुरे.

वाचताना तारखेची चूक सर्वांत जास्त होते. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे. मे १७०० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७०० मध्ये मुलाचा बाप्तिस्मा, अशा दोन नोंदी दिसल्या तर मूल लग्नाआधीचे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७०१ चा आहे. लॅटिन वहीत जेम्सचा ‘याकोबुस’ होतो, चार्ल्सचा ‘कारोलुस’. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. इंग्लंडमधल्या १७५४ नंतरच्या विवाहनोंदीत वधूवरांच्या सह्या असतात, आणि अक्षरओळख नसलेल्या वधूने काढलेली वाकडी फुलीही. एखाद्या खापरपणजीच्या हातचे तेवढेच काय ते उरलेले असू शकते, आणि वहीतल्या नावांच्या कोणत्याही सूचीत ते येत नाही.

म्हणून सूचीतले नाव सापडले तरी मूळ पानाचे चित्र उघडून पाहावेच. सूची करणाऱ्याने जुना लांब ‘एस’ हा ‘एफ’ वाचला की आडनावच बदलते. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांहून जुन्या वह्या १९७८ च्या नियमानुसार सर्वसाधारणपणे धर्मप्रांताच्या (एका बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या) अभिलेखागारात जमा होतात. ऑस्ट्रिया-जर्मनीतल्या अनेक धर्मप्रांतांच्या वह्या ‘मात्रिकुला’ या संकेतस्थळावर पाहता येतात. हयात माणसांच्या खासगीपणासाठी अलीकडच्या वह्या बहुतेक ठिकाणी बंद असतात. त्या काळातली माहिती हवी असेल तर वही मागण्यापेक्षा नाव, अंदाजे साल आणि आपले नाते कळवून त्या एका नोंदीचा दाखला मागावा.